व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज: आमच्या अम्माला घरच्या बोलण्यात परत आणणारं बटण

हे परीक्षण एका बटणाचं आहे. व्हॉट्सॲपवर लिहायच्या जागेशेजारी माइकचं चिन्ह दिसतं. ते दाबून धरायचं, बोलायचं, बोट उचलायचं, की बोलणं समोरच्याला पोचतं. २०१३ साली ही सोय आली. पुढच्या वर्षी फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं आणि नंतर त्यात निळ्या टिका, स्टेटस, पैसे पाठवणं असं एकेक येत गेलं. कंपनीनेच २०२२ मध्ये सांगितलं होतं की जगभरात रोज सरासरी सातशे कोटी व्हॉइस मेसेज जातात. त्यातले चार-पाच सोलापूरजवळच्या कुंभारीहून माझ्या आईचे असतात. या लेखाचा विषय तेवढेच.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या घरांपैकी एक. अशोक चौक, कन्ना चौक या बाजूला फिरलात तर अशी घरं गल्लोगल्ली भेटतील. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदीही. तेलुगू माध्यमाच्या शाळा सोलापुरात आहेत, पण आम्ही भावंडं मराठी शाळेत गेलो. त्यामुळे बोलायला तेलुगू आणि लिहायला मराठी अशी आमची वाटणी झाली. अम्मा कुठल्याच शाळेत गेली नाही. लहानपणापासून विड्या वळल्या. पान भिजवायचं, मापाने कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात नेऊन हजारावर मजुरी घ्यायची. आकडे तिला येतात, हजाराचा हिशोब तोंडपाठ आहे, सही येते. अक्षर वाचता येत नाही.

मी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये तपासणीचं आणि ऑर्डरींचं काम बघते. दिवसभर फोन हातात असतो. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला, अन्ना म्हणजे माझा मोठा भाऊ भिवंडीत यंत्रमागावर, पिन्नी म्हणजे अम्माची धाकटी बहीणही तिकडेच, चुलत-मामे भावंडं सुरत आणि हैदराबादला. सगळ्यांचा मिळून एक घरचा ग्रुप आहे.

त्या ग्रुपमध्ये अम्माचा नंबर पहिल्यापासून होता. माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो. नंबर आहे म्हणजे माणूस आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं. लग्नाची तारीख ठरली, कुणाच्या ऑपरेशनला कोण किती देणार ते ठरलं, बारशाला कुणाला बोलवायचं ते ठरलं, आणि प्रत्येकाला वाटलं की अम्माला ठाऊक आहे, ती ग्रुपवर आहे ना. लिहिणारे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, मधूनच इंग्रजी अक्षरांत तेलुगू. अम्मा फोटो बघायची. नातवाचा फोटो आला की बोटांनी मोठा करून बघायची. वरच्या ओळी तिच्यासाठी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या होत्या. चार दिवसांनी शेजारणीकडून एखादी गोष्ट कळली की म्हणायची, "मला कुणी सांगितलं नाही." आणि भाऊ फोनवर म्हणायचा, "अगं ग्रुपवर टाकलं होतं की." यात कुणाच्याही मनात खोट नव्हती. पण घरातली सगळ्यात मोठी बाई, जिला विचारल्याशिवाय एके काळी घरात भांडं हलत नव्हतं, ती बघता बघता घरच्या कारभारातून बाहेर पडली होती. तिला कुणी बाहेर काढलं नाही. लिहिता येणाऱ्यांच्या सोयीने चाललेल्या जागेत तिचं असणं नुसतं यादीत उरलं.

मग घराचा विषय निघाला.

कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली ती घरं बायकांच्या ताब्यात आली. त्यातलं एक अम्माचं आहे, तिच्या नावावर. त्यासाठी ती मोर्चांना गेली, मजुरीतून पैसे बाजूला टाकले. बाबांच्या माघारी ती तिथेच राहते. भिवंडीत अन्नाच्या मागांना काम कमी झालं, हप्ते थकले, तेव्हा त्याने ग्रुपवर लांबलचक लिहिलं: कुंभारीचं घर भाड्याने देऊ, अम्मा माझ्याकडे राहील, भाड्यातून तिचं औषधपाणी सुटेल. हिशोब बरोबर होता. खाली पाचसहा अंगठे आले. पिन्नीच्या मुलाने "बेस्ट" लिहिलं. अम्मा त्याच दिवशी ग्रुपवर तिच्या सुनेने टाकलेला गणपतीचा फोटो बघत होती.

मी कुंभारीला गेले आणि तिला ते सगळं वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. सूप मांडीवरून खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "ते सगळे ऐकतील असं मला बोलायचंय." मी माइक दाबून धरायला शिकवलं. बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग धरून बसावं लागत नाही, तेही दाखवलं.

ती जवळपास चार मिनिटं बोलली, आमच्या सोलापुरी तेलुगूत, मध्ये मध्ये मराठी. घर कुणाच्या नावावर आहे, ते कसं मिळालं, शेजारच्या कुठल्या बायका तिला ताप आला की भात आणून देतात, हे सगळं सांगितलं. भिवंडीत तिची सून दिवसभर कामाला असते, मग ती चार भिंतींकडे बघत बसेल, हेही सांगितलं. अन्नाच्या हप्त्यांसाठी तिच्या पासबुकात काय आहे ते सांगितलं आणि त्यातलं किती द्यायला तयार आहे तेही. शेवटी म्हणाली, माझ्या घराबद्दल मला न विचारता पुन्हा लिहू नका.

या चार मिनिटांत काय घडलं ते मला नीट सांगायचंय, कारण बटणाची खरी किंमत तिथे आहे. आमच्या घरात अम्मा चार मिनिटं सलग बोलली आणि कुणी मध्ये तोडलं नाही, असं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. बैठकीत बाबा तोडायचे, नंतर अन्ना तोडायचा. फोनवर तर ज्याला घाई त्याचंच चालतं. मागे मागांचा खडखडाट, "अम्मा, नंतर बोलतो" आणि फोन बंद. व्हॉइस मेसेजला मध्ये तोडता येत नाही. ऐकणाऱ्याने थांबवला तरी बोलणारीचं वाक्य पुरं झालेलं असतं आणि ते तिथेच असतं. म्हाताऱ्या, न शिकलेल्या बाईला तिचं वाक्य पुरं करू देणारी जागा आपल्याकडे फार थोडी आहे. ती अशी एका ॲपच्या कोपऱ्यात मिळावी याचं मला आश्चर्य वाटलं आणि आनंदही झाला.

दुसरं असं की अन्नाने उत्तर लिहिलं नाही, तोही बोलला. लिहिताना तो हिशोब मांडत होता, मराठीत, मुद्द्यांना आकडे घालून. बोलताना तो तेलुगूत आला, आवाज बसलेला, आणि पहिल्यांदा त्याने सांगितलं की दोन माग त्याने आधीच भंगारात दिलेत. हे त्याने कुणालाच लिहिलं नव्हतं. घर अम्माकडेच राहिलं. हप्त्यांचं आम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं.

आता बटणाच्या आतल्या गोष्टींकडे वळते.

तुम्ही पाठवलेला आवाज समोरच्याने ऐकला की माइकचं चिन्ह निळं होतं. निळ्या टिका सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या बंद केल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण बंद होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्रुपमध्ये तर मेसेज दाबून माहिती उघडली की कुणीकुणी ऐकलं त्यांची नावं दिसतात. अम्माला नावं वाचता येत नाहीत, पण निळा रंग कळतो. तिच्यासाठी ही पहिली पोच आहे जी तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत नाही. सकाळी उठून ती आधी माइक निळा झाला का बघते. मुलाने ऐकलं म्हणजे मुलगा उठला, बरा आहे, कामाला लागला.

याची दुसरी बाजू माझ्या मुलाने मला सांगितली. अम्मा त्याची अम्मम्मा, म्हणजे आजी. तो म्हणाला, "अम्मम्माचा मेसेज मी लगेच ऐकत नाही, कारण ऐकला की तिला कळतं, आणि मग उत्तर दिलं नाही तर तिला वाईट वाटतं. म्हणून निवांत असेन तेव्हाच ऐकतो." आणि निवांतपणा शनिवारी मिळतो. म्हणजे तिकडे ती निळ्या माइकची वाट बघते, इकडे तो तिच्या प्रेमानेच माइक करडा ठेवतो. अशी विचित्र गाठ या एका रंगाने घातली. मी त्याला म्हटलं, ऐकून टाक, आणि "ऐकलं अम्मम्मा, रात्री बोलतो" एवढं म्हण, तेवढं पुरतं. आता तो तसं करतो. पण कंपनीने ही खूण बंद करायचा मार्ग ठेवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकलं की नाही हे सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुलाबद्दल अजून थोडं. पुण्यात तो सोलापूरचा. हैदराबादच्या भावंडांत तो महाराष्ट्रातला. त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर तो इंग्रजीत, दहावीच्या ग्रुपवर मराठीत, आणि समाजाच्या ग्रुपवर नुसता हात जोडलेला. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव तेच, फोटो तोच, माणूस मात्र वेगळा. मी स्वतः तशीच आहे. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मी मॅडम, शाळेच्या बॅचमध्ये ताई, घरी अक्का. लिहिताना हे सांभाळता येतं, कारण लिहिण्यात बोलीचा हेल उतरत नाही. आवाजात तो लपत नाही. आमचं "काय की ओ", आमचं तेलुगूमध्ये घुसलेलं मराठी, वाक्याच्या शेवटी चढणारा सूर, हे सगळं पहिल्या पाच सेकंदांत बाहेर येतं.

खोलीतल्या मित्रांसमोर तो अम्माचा मेसेज कधी स्पीकरवर लावत नसे. फोन कानाला लावला की आवाज कॉलसारखा आतल्या आतच येतो, ही सोय त्याला फार उपयोगी पडली. एकदा चुकून मोठ्याने लागला. शेजारच्या टेबलावर तेलंगणातल्या करीमनगरचा एक सहकारी होता. त्याने विचारलं, हे कोण बोलतंय? म्हणे, आमच्या गावाकडची म्हातारी माणसं असंच बोलतात, आता शहरात कुणी बोलत नाही. मुलाने ते मला लगेच फोन करून सांगितलं. जे तो दाराआड ऐकत होता, ते दुसऱ्या कुणाला ओळखीचं आणि मोलाचं वाटलं. त्यानंतर तो अम्माला तेलुगूत उत्तरं द्यायला लागला. मोडकी-तोडकी आहेत, ती हसते आणि त्याच मेसेजला पुन्हा आवाजात दुरुस्ती पाठवते. लिहिलेल्या ग्रुपवर ही भाषा त्याच्यापर्यंत कधीच पोचली नसती, कारण अम्माची ही बोली लिहिणारं आमच्यात कुणी नव्हतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, नंदीध्वज निघतात. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो तेव्हा "बोला हर्र"चा गजर उठतो, तो अम्मा दरवर्षी रेकॉर्ड करून सुरतेला पाठवते. तिथल्या माझ्या मामेभावाने सांगितलं की व्हिडिओ ढिगाने येतात, तो बघून पुढे सरकतो, पण हा आवाज तो ऐकतो, कारण गजराच्या मध्ये अम्मा त्याचं नाव घेऊन "हर्र" म्हणते.

बटणाने घडवलेलं वाईटही सांगते.

एका लग्नात देण्याघेण्यावरून पिन्नीचं मन दुखावलं. तिने अम्माला, फक्त अम्माला, रात्री बोलून पाठवलं. रागात होती, मुलीच्या सासरच्यांबद्दल नको ते बोलली. बहिणीजवळ माणूस बोलतोच. तो मेसेज कुणा नातेवाइकाच्या हाती लागला, अम्माचा फोन घरात कुणीही घेतं, आणि दुसऱ्या दिवशी तो घरच्या ग्रुपवर होता. तिथून सासरच्या माणसांपर्यंत जायला वेळ लागला नाही. लिहिलेलं असतं तर "मी असं लिहिलंच नाही, कुणी तरी बदललं" म्हणता आलं असतं, अर्थ फिरवता आला असता. आवाजाला ती पळवाट नाही. पिन्नीचा हुंदकासुद्धा त्यात होता. सगळ्यांकरता मेसेज पुसायची सोय आहे, पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ ती चालते. पण ती ज्याने पाठवला त्याच्याच मेसेजला लागू. पुढे ढकललेला मेसेज पिन्नीच्या हातात नव्हताच. ग्रुपच्या ॲडमिनने तो ग्रुपमधून काढला तोवर तो पुष्कळांच्या फोनमध्ये होता.

बहिणी बोलेनाशा झाल्या. अम्माला वाटत होतं पिन्नी तिलाच दोष देते, पिन्नीला वाटत होतं अम्माने मुद्दाम दिला. दोघींनी एकमेकींना मेसेज पाठवले नाहीत, कारण आता कुणाचाच त्या माइकवर विश्वास नव्हता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो, त्याला पिन्नी भिवंडीहून आली. गर्दीत दोघी समोरासमोर आल्या, पिन्नी म्हणाली, "फोन लपवून ठेव म्हणून किती वेळा सांगितलं तुला." आणि तिथेच मिटलं. जे बिघडलं ते मेसेजवर बिघडलं आणि जे सुटलं ते रस्त्यावर उभं राहून सुटलं.

एकदाच ऐकता येईल आणि पुढे पाठवता येणार नाही असा व्हॉइस मेसेज २०२३ च्या डिसेंबरपासून पाठवता येतो. रेकॉर्डिंगला कुलूप लावलं की एक आकडा असलेलं गोल चिन्ह दिसतं, ते दाबायचं. पिन्नीला मी ते शिकवलं आहे. घरातल्या बायका एकमेकींजवळ मन मोकळं करतात तेव्हा हेच वापरावं, असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. दुसऱ्या फोनने शेजारी बसून रेकॉर्ड केलं तर त्याला इलाज नाही, पण नकळत पुढे जाणं तरी थांबतं.

वेगाबद्दल माझं मत ठाम आहे. २०२१ पासून आवाज दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकता येतो. व्यापाऱ्यांचे मेसेज मी तसेच ऐकते. जून जवळ आला की गणवेशांच्या ऑर्डरी घेताना कर्नाटकातले एक-दोन गिऱ्हाईक साइज बोलून पाठवतात. बत्तीसचे इतके, चौतीसचे इतके. ते वेगाने ऐकून मी वहीत उतरवते आणि लगेच त्यांना लिहून पाठवते, कारण ऑर्डरीसाठी आवाज चांगला नाही. शोधता येत नाही, आकडा ऐकण्यात चुकतो, महिन्याने तोच मेसेज हुडकायचा तर वरपासून सगळे ऐकत बसावे लागतात. कामाला लिहिणंच बरं. पण आईचा आवाज दुप्पट वेगाने ऐकू नका. तिचं थांबणं त्यात निघून जातं. अम्मा "तब्येत बरी आहे" म्हणण्याआधी थांबते, किती थांबते त्यावरून मला कळतं की गुडघा दुखतोय की नाही. वेग वाढवला की ती जागाच उरत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपने आवाजाचं लिखाण करून दाखवायची सोय जाहीर केली. ते काम फोनच्या आतच होतं, आवाज बाहेर कुठे जात नाही, ही चांगली गोष्ट. सुरुवातीच्या भाषांत ना मराठी होती ना तेलुगू. आमच्या अम्माच्या एका वाक्यात तीन भाषा असतात, तेव्हा यंत्राने ते कसं उतरवावं हा अवघड प्रश्न आहे, मी समजू शकते. तरी ही सोय आपल्या भाषांत चांगली यायला हवी, आणि त्याचं कारण माझ्या घरातच आहे. माझ्या यजमानांच्या मामांना कमी ऐकू येतं. आमचा ग्रुप बोलायला लागला तसे ते मागे पडले. लिहिलेल्या ग्रुपने अम्माला बाहेर ठेवलं होतं, बोलणाऱ्या ग्रुपने मामांना ठेवलं. एका रविवारी ते म्हणाले, "तुम्ही सगळे हसताय, मला कुणी सांगत नाही." अम्माचंच वाक्य. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय की पैशाची, लग्नाची, आजारपणाची आणि घराची गोष्ट बोलायचीही आणि दोन ओळी लिहायच्याही. कंटाळा येतो, तरी करतो.

फसवणुकीचा धोकाही आहे. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राने करता येते आणि ती वापरून नातेवाइकांकडे पैसे मागणारे भामटे आहेत. अम्मासारखी माणसं आवाजावर विश्वास ठेवून आयुष्यभर जगली. तिला मी समजावलं आहे की आवाज माझा असला तरी पैशाचं नाव आलं की उलट फोन करायचा आणि एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आमच्या दोघींनाच ठाऊक आहे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर १९३० आहे. सोलापूरच्या माणसाला हा आकडा लक्षात ठेवायला कष्ट नाहीत. १९३० च्या मे महिन्यातच आपल्या शहराने इंग्रजांची सत्ता झुगारली होती आणि मग मार्शल लॉ सोसला होता. अम्माला मी तसंच सांगितलं, आणि तिने तो बोटांवर म्हणून दाखवला.

ज्यांच्या घरात लिहिता न येणारं माणूस आहे त्यांनी हे बटण त्याच्या हाती जरूर द्यावं, पण फोन देऊन सोडून देऊ नये. अम्माच्या फोनवर मी जे केलं ते सांगते. नेहमीची माणसं वर पिन करून ठेवली आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा चेहरा दिसेल असा फोटो लावायला सांगितलं, कारण तिला नाव वाचता येत नाही आणि लोक देवाचे, फुलांचे फोटो ठेवतात. ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं ती सेटिंग फक्त ओळखीच्या माणसांपुरती केली. अनोळखी कॉलचा आवाज बंद केला. सलग आलेले व्हॉइस मेसेज एकामागून एक आपोआप लागतात, त्यामुळे हात विड्यांत असताना ती एकदाच बटण दाबते आणि सगळ्यांचं ऐकते. आणि फोनला कुलूप लावलं, जे तिला बोटाच्या ठशाने उघडता येतं. विड्या वळून वळून ठसे झिजले होते म्हणून आधी ठसा लागेना. दोन्ही हातांची निरनिराळी बोटं लावून बघितली, डाव्या अंगठ्याचा लागला. पिन्नीच्या फोनवर हेच सगळं तिची सून करून देणार आहे, आणि कुलूप तिने सगळ्यात आधी लावावं असं अम्माने तिला स्वतः बोलून पाठवलं आहे.